घरातून धंदा सुरू करताय? शॉप ॲक्टच्या आधी जागेचे नियम तपासा: मराठवाड्यातल्या घरमालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आधी शॉप ॲक्ट काढायचा, मग उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), मग दारावर बोर्ड, आणि नोटीस आली की महापालिकेत नगररचना विभाग कोणत्या मजल्यावर आहे ते विचारत फिरायचं. मराठवाड्यातल्या शहरांत घरगुती धंदे बहुतेक असेच सुरू होतात. हा क्रम नेमका उलटा आहे.

शॉप ॲक्टची पावती ऑनलाइन मिळते. कामगार कायद्यातल्या ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, तीही फुकट. या दोन्ही ठिकाणी तुमचं घर कोणत्या झोनमध्ये, म्हणजे आराखड्यातल्या कोणत्या वापर विभागात आहे, हे कोणी तपासत नाही. त्यामुळे तुमचा धंदा आहे एवढंच त्या कागदांवरून कळतं. तो या घरात चालवता येतो की नाही, हे ठरतं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने आणि त्याखालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने. ही नियमावली डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता राज्यभर लागू आहे. कार्यालयात तिला सगळे 'यूडीसीपीआर'च म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा. त्या कायद्याप्रमाणे नुसतं बांधकामच नाही, तर जागेच्या वापरातला मोठा बदल हाही परवानगीचा विषय आहे. 'आम्ही एक वीटसुद्धा लावली नाही' हे उत्तर म्हणूनच तिथे चालत नाही.

## तयारी: धंदा एका पानावर लिहून काढा

कार्यालयात जाऊन 'घरी खाण्याचे पदार्थ करायचेत, चालेल का?' असं विचारलं तर उत्तर समोरच्याच्या मूडवर अवलंबून असतं. हाताने पापड, कुरडया, शेवया करणं वेगळं आणि मिरची कांडप यंत्र बसवणं वेगळं. दोन्ही 'खाण्याचे पदार्थ'च. पण दुसऱ्यात मोटार आली, खकाणा आला, शेजारच्यांचं शिंकणं आलं.

म्हणून एका कोऱ्या कागदावर एवढं लिहा:

- नेमकं काय करणार, आणि घराच्या कोणत्या खोलीत. खोलीची लांबी-रुंदी फुटांत लिहा.
- काम कोण करणार? घरातलीच माणसं की बाहेरून बाया-गडी लावणार?
- कोणती यंत्रं, प्रत्येकाचे एचपी किंवा वॅट किती. यंत्राच्या पाटीवर आकडा असतो, तोच घ्या.
- गिऱ्हाईक घरी येणार का? आलं तर एका वेळी किती, गाड्या कुठे लावणार?
- माल कशात येणार? दुचाकीवर, छोट्या हत्तीत की ट्रकमध्ये?
- आवाज, वास, धूर, सांडपाणी यातलं काय निघणार?
- कामाची वेळ.

यातला दुसरा मुद्दा लोक सर्वांत हलक्यात घेतात. नियमावलीत निव्वळ निवासी भागातही परंपरागत गृहोद्योगाला जागा ठेवली आहे: शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं आणि तसली कामं. अट अशी की काम घरातल्या माणसांनी करायचं, मजूर लावायचे नाहीत, आणि मोटार वापरली तर विजेचा भार ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी स्वतःच्या दोन मशिनी चालवल्या तर त्या गृहोद्योगात बसतात. त्यांनीच हॉलमध्ये सहा मशिनी मांडून चार मुली पगारावर ठेवल्या की मामला बदलला. काम तेच, कापड तेच, पण नियमाच्या नजरेत तो कारखाना होऊ लागतो.

## टप्पा १: तुमचं घर कोणाच्या हद्दीत आहे ते पक्कं करा

हे वाटतं तितकं सोपं नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना या पाच ठिकाणी महानगरपालिका आहे. बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई अशा ठिकाणी नगरपरिषद. बाकी नगरपंचायती आणि ग्रामपंचायती.

गडबड होते ती कडेच्या वस्त्यांत. पत्ता शहराचा, पिनकोड शहराचा, पण कर ग्रामपंचायतीला भरला जातो. तिथे महापालिकेत अर्ज टाकून उपयोग नाही. खेड्यातही दोन भाग असतात. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायत. गावठाणाबाहेर गटात घर असेल तर बांधकाम आणि जमीन वापराचा विषय महसूल खात्याकडे, म्हणजे तहसील-जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. संभाजीनगरच्या आसपासच्या गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचंही विचारून घ्या.

सिडकोतली घरं हा वेगळाच विषय आहे. संभाजीनगरच्या सिडको भागाची देखभाल महापालिकेकडे गेली, पण भाडेपट्ट्याचे करार सिडकोचेच राहिले. करारात 'निवासी वापरासाठी' असं असेल तर महापालिकेच्या नियमात बसूनही सिडकोची अट मोडली जाऊ शकते. एन-२ असो की एन-११, आधी भाडेपट्टा काढून वाचा.

तपासा: शेवटची कर पावती हातात घ्या. पावती देणाऱ्या संस्थेचं नाव आणि तुम्ही जिथे अर्ज करणार त्या संस्थेचं नाव एकच आहे ना?

## टप्पा २: जागेचा कागद, आणि कागदावरची नावं

शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड. नसेल तर सातबारा. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता गावठाणातल्या घरांनाही मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ते काढूनच घ्या.

एक नेहमीचा घोटाळा इथेच सांगतो. महसूल खात्याचा '८-अ' हा शेतजमिनीचा खाते उतारा असतो. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' ही घराच्या कर आकारणीची नोंद असते. बोलताना लोक दोन्हींना 'आठ-अ'च म्हणतात, सेवा केंद्रवालाही तेच ऐकतो आणि भलताच कागद जोडून देतो. अर्ज त्रुटीत निघतो आणि महिना वाया जातो.

कागदावर तीन गोष्टी बघा.

पहिली, नावं. घर आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेलीच नाही, आणि राहतो नातू, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. राहायला कोणी अडवत नाही, पण परवानगीच्या अर्जावर सही कोणाची हा प्रश्न येतोच. वारस नोंद आधी लावा. भाऊ, बहिणी, काका यांची नावं असतील तर त्यांची संमती लागणार. ती साध्या कागदावर न घेता स्टॅम्प पेपरवर घ्या, आणि 'राहत्या घराच्या अमुक खोलीत अमुक व्यवसायासाठी' असं त्यात स्पष्ट लिहा. 'घर वापरण्यास हरकत नाही' एवढंच लिहिलेला कागद पुढे भावकीत वाद झाला की कोणाच्याच कामाचा राहत नाही.

दुसरी, भोगवटादार वर्ग. वर्ग-१ असेल तर पुढे चला. वर्ग-२ असेल तर जमिनीवर शासनाच्या अटी आहेत. निजामाच्या काळापासून आलेल्या मदतमाश, खिदमतमाश इनाम जमिनींवर मराठवाड्यात वस्त्याच्या वस्त्या उभ्या आहेत. उताऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात तसा शेरा दिसला तर तहसीलमध्ये विचारल्याशिवाय एक रुपयाही धंद्यात घालू नका.

तिसरी, अकृषिक (एनए) परवानगी. प्लॉट एनए असेल तर एनए आदेशात कोणता वापर लिहिला आहे ते वाचा. बहुतेक ठिकाणी 'निवासी' असतं. आदेश सापडत नसेल तर त्याचा क्रमांक बऱ्याचदा सातबाऱ्यावरच्या फेरफारातून निघतो.

गुंठेवारीतल्या (गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवरच्या) लोकांनी आपला नियमितीकरणाचा आदेश शोधावा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना दार उघडलं. पण निवासी म्हणून नियमित झालेलं घर निवासीच असतं. त्या आदेशाने पुढच्या खोलीत दुकान टाकायची मुभा मिळत नाही.

## टप्पा ३: झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचे कागद हेच, आणि सर्वांत कमी लोक हेच काढतात. झोन दाखल्यावर तुमचा गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक विकास आराखड्यात कोणत्या विभागात येतो ते लिहून मिळतं. भाग नकाशावर तुमच्या प्लॉटभोवतीचे रस्ते, त्यांची रुंदी आणि आरक्षणं दिसतात. नकाशात पिवळा रंग म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती.

अर्ज साधा असतो. मजकूर असा ठेवा:

*प्रति, सहायक संचालक, नगररचना विभाग (नगरपरिषद असेल तर: मुख्याधिकारी), …*
*विषय: झोन दाखला व भाग नकाशा मिळणेबाबत.*
*मौजे …, तालुका …, गट क्र./सि.स. क्र. …, प्लॉट क्र. …, क्षेत्र … चौ. मी. या मिळकतीचा मंजूर विकास योजनेनुसार झोन दाखला, तसेच लगतच्या रस्त्यांची अस्तित्वातील व प्रस्तावित रुंदी दर्शवणारा भाग नकाशा मिळावा. सदर मिळकत प्रारूप विकास योजनेत समाविष्ट असल्यास त्याप्रमाणेही नमूद करावे.*
*सोबत: मालमत्ता पत्रक/सातबारा (तीन महिन्यांच्या आतील), मोजणी नकाशा, कर पावती.*

'प्रस्तावित रुंदी' आणि 'प्रारूप योजना' हे दोन शब्द विसरू नका. घरासमोरचा बोळ आज १५ फुटांचा असेल, पण आराखड्यात तो ९ मीटरचा दाखवलेला असू शकतो. उलटंही होतं: तुमच्या ओट्यावरूनच डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) गेलेला असतो. जिथे नवीन आराखड्याचं काम चालू आहे, जसं संभाजीनगरात नवा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तिथे जुना आणि नवा दोन्ही बघावे लागतात.

अर्जाची आवक घ्या, म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक. 'ठेवून जा, फोन करतो' हे मान्य करू नका. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते आणि ती उलटली की अपील करता येतं. पण आवक क्रमांकच नसेल तर मुदत मोजणार कुठून?

## टप्पा ४: रस्ता टेपने मोजा

निवासी विभागाचे दोन भाग पडतात, आर-१ आणि आर-२. फरक रस्त्याच्या रुंदीचा. अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-१, रुंद रस्त्यावरचे आर-२. जुन्या दाट वस्तीत ९ मीटर ही सीमा धरली जाते. बाहेरच्या वाढीव भागात शहराच्या वर्गाप्रमाणे ९ किंवा १२ मीटर. ९ मीटर म्हणजे साधारण साडेएकोणतीस फूट, १२ मीटर म्हणजे साडेएकोणचाळीस.

आर-१ मध्ये घरगुती उद्योग, राहणाऱ्याचं स्वतःचं व्यावसायिक कार्यालय (वकील, सीए, आर्किटेक्ट), डॉक्टरचा फक्त बाह्यरुग्ण दवाखाना अशा मर्यादित वापरांना वाव आहे. दुकानदारीची यादी आर-२ मध्ये बरीच मोठी होते. त्यामुळे एकाच कॉलनीत कोपऱ्यावरच्या घरात किराणा दुकान नियमात बसतं आणि आतल्या गल्लीतल्या तशाच दुकानाला नोटीस येते. 'त्यांचं चालतं, मग आमचं का नाही' याचं उत्तर पुष्कळदा टेपमध्येच असतं.

मोजताना एका बाजूच्या प्लॉटच्या हद्दीपासून समोरच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंत मोजा. नुसता डांबराचा पट्टा मोजू नका, आणि कोणी पुढे ओढलेल्या पायऱ्यांपासूनही मोजू नका. तुमचं माप आणि भाग नकाशावरची रुंदी जुळत नसेल तर कार्यालय नकाशा धरणार.

आता तयारीतला कागद घ्या आणि तुमच्या विभागाच्या परवानगी यादीशी ताडून बघा. यादी यूडीसीपीआरच्या जमीन वापराच्या प्रकरणात आहे. तुमचा धंदा त्यात नावानिशी सापडला तर त्या कलमाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात तो लागेल. सापडला नाही तर 'त्यासारखाच आहे' असं स्वतः ठरवून मोकळे होऊ नका. नगररचना विभागाला लेखी विचारा. शिकवणी, डब्याची मेस, ब्युटी पार्लर यांच्या बाबतीत हे हमखास करा. लातूरसारख्या शहरात तर शिकवणी म्हणजे एका खोलीतली दहा पोरंही असतात आणि शंभर सायकली लावायला लागणारा क्लासही.

थांबा: या टप्प्यावर उत्तर 'बसत नाही' असं आलं तर टप्पा ५ ते ८ सोडा आणि थेट टप्पा ९ वाचा. यंत्राची आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर फारच चांगलं.

## टप्पा ५: मंजूर नकाशा आणि उभं घर, दोन्ही समोर ठेवा

झोनमध्ये धंदा बसला तरी घर बसेलच असं नाही. बांधकाम परवानगीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढा. घरात सापडत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रत मागता येते.

मग नकाशा हातात घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. नकाशात पुढे जे सामासिक अंतर मोकळं दाखवलंय तिथे आज काय आहे? पत्र्याचं शेड? पार्किंग लिहिलेल्या जागेत खोली? आपल्याकडे घरगुती दुकानावरच्या कारवाईचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कंपाउंड भिंत फोडून शटर बसवलं, वर स्लॅब टाकला, झाला गाळा. धंदा भले नियमात बसत असेल, तो गाळाच अनधिकृत आहे. त्यावर कर विभागाने व्यापारी दराने आकारणी केली आणि तुम्ही इमानेइतबारे कर भरत राहिलात, तरी तेवढ्याने तो नियमित होत नाही. कराची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी शटर बसवूच नका. आहे त्या खोलीत, आहे त्या दारातून काम चालवा. धंदा टिकला, जागा नियमात बसली, तर शटरचा नकाशा मंजूर करून मग लावा.

## टप्पा ६: सोसायटी, घरमालक, शेजारी

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सदनिका ज्या कारणासाठी दिली त्यापेक्षा वेगळा वापर करायचा तर सोसायटीची आधी परवानगी लागते, हे आदर्श उपविधीतच आहे. अध्यक्षांनी जिन्यात 'करा की, काही हरकत नाही' म्हटलं ती परवानगी नाही. ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि शिक्का असलेलं पत्र घ्या. अपार्टमेंट असेल तर इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) वाचा.

भाड्याच्या घरात भाडेकरार बघा. लिव्ह अँड लायसन्स करारात 'फक्त राहण्यासाठी' हे कलम जवळपास छापीलच असतं. मालक तयार असेल तर नवा करार करून नोंदवून घ्या. जुन्या करारावर पेनाने ओळ घालू नका.

ग्रामपंचायतीत ना-हरकत घेताना सरपंचांच्या लेटरहेडवरच्या चार ओळींवर समाधान मानू नका. मासिक सभेचा ठराव हवा, त्यावर ग्रामसेवकांची (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सही हवी. सरपंच बदलले की लेटरहेडला किंमत उरत नाही, ठराव मात्र दप्तरात राहतो.

शेजाऱ्यांची लेखी संमती कायद्याने प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. तरी तोंडाने विचारून घ्या. तक्रारी तिथूनच जातात, आणि त्या धंद्यापेक्षा दारात लागणाऱ्या गाड्यांबद्दल आणि आवाजाबद्दल जास्त असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पहाटे पाचला मिक्सर आणि कांडप लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

## टप्पा ७: विजेचं बिल, जिथे खरा दणका बसतो

नगररचनेची नोटीस येईल तेव्हा येईल. महावितरणचं भरारी पथक मात्र मीटर बघून थेट बिल हातात देतं. म्हणून हा टप्पा नीट वाचा.

वीजदर आदेशात घरातल्या काही भागात धंदा करणाऱ्यांसाठी एक सोय आहे, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू राहतो. वर्ष संपलं की वापर तपासला जातो आणि ३,६०० च्या पुढे गेला असेल तर कळवून पुढे वेगळा दर लावला जातो. आदेश वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आदेशातली ही अट उपविभाग कार्यालयात विचारून घ्या.

३०० युनिट ऐकायला भरपूर वाटतात. हिशेब करून बघा. १ एचपीची मोटार म्हणजे ७४६ वॅट. रोज सहा तास, महिन्यात पंचवीस दिवस चालली तर साधारण ११२ युनिट. घरचा वापर १३० धरला तर २४२ झाले, अजून आत आहोत. एप्रिल लागला. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास, म्हणजे महिन्याला ६० युनिट. झाले ३०२. मराठवाड्यातला उन्हाळा या हिशेबात धरावाच लागतो. दुसरी मोटार लावली तर उन्हाळ्याची वाट बघायचीही गरज नाही.

मर्यादेबाहेर जाणार हे दिसत असेल तर आधीच धंद्यासाठी वेगळं कनेक्शन मागा. दुकान, पार्लर, ऑफिस यांना बिगरघरगुती दर लागतो, पिठाच्या गिरणीसारख्या कामाला औद्योगिक. वेगळा मीटर घेतल्याने घराचं बिल घरगुती दरातच राहतं, हा त्यातला मोठा फायदा. मंजूर भारही बघा, तो बिलावर छापलेला असतो. मोटारीचे वॅट मिळवून तो ओलांडला जात असेल तर भारवाढीचा अर्ज करा.

सावधान: मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू झाला ते सिद्ध करता आलं नाही तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची. म्हणून धंदा कधी सुरू केला याचा पुरावा (यंत्राची पावती, शॉप ॲक्टची तारीख) जपून ठेवा. तीन महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या धंद्यासाठी वर्षाचं बिल भरायची वेळ येऊ नये.

## टप्पा ८: आता परवाने

इथून पुढचं काम तुलनेने सोपं, म्हणूनच लोक इथून सुरुवात करतात.

शॉप ॲक्ट आणि उद्यम सुरुवातीला सांगितलेच. उद्यमसाठी पैसे मागणाऱ्या, सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. महापालिका किंवा नगरपरिषद व्यवसाय परवाना लागू करते का ते परवाना विभागात विचारा. व्यवसाय कराचं बघून घ्या. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाख किंवा सेवांची २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी.

खाण्याचा पदार्थ विकणार असाल, मग तो शेजारच्या दोन घरांना डबा असला तरी, अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती फॉसकॉस पोर्टलवर होते, मराठवाड्यात पुढची तपासणी अन्न व औषध प्रशासन करतं. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. पत्ता लिहिताना कर पावतीवर आहे तसाच लिहा. एका कागदावर 'शिवाजी चौकाजवळ', दुसऱ्यावर 'जुना मोंढा रोड' असं झालं की पुढे बँक कर्जाच्या वेळी रडवतं.

सिलिंडरची चूक तर सर्रास. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. पाण्याचंही तसंच: घरगुती नळावर मेस चालवायची नाही. टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत तर लोकांची नजर आधी तुमच्या टाकीवरच जाते.

आवाज, धूर किंवा सांडपाणी करणारं काम असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत (किती प्रदूषण त्यावरून उद्योगांना रंग दिलेले असतात) ते कोणत्या रंगात येतं ते बघा. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, बॅटरी, रंगकाम असलं काही घरात करायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की परवान्यांच्या मागे लागण्याऐवजी एमआयडीसीत किंवा औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा भाड्याने घ्या.

## टप्पा ९: नियमात बसत नसेल तर

तीन वाटा आहेत.

पहिली, धंदा लहान करा. मजूर बंद, मोटार लहान, गिऱ्हाईक घरी न बोलावता माल पोचवायचा. बऱ्याच जणांचं काम एवढ्यात गृहोद्योगात बसतं.

दुसरी, वापर बदलाची परवानगी. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नकाशासह अर्ज करावा लागतो, पार्किंग दाखवावं लागतं, शुल्क भरावं लागतं. ज्या विभागात तो वापर मुळातच मान्य नाही तिथे ही वाट बंद असते. 'पैसे द्या, करून देतो' म्हणणाऱ्याला आधी एकच विचारा: यूडीसीपीआरच्या कोणत्या कलमाखाली? कलम सांगता आलं नाही तर चहा पाजा आणि निरोप द्या.

तिसरी, जागा बदला. ऐकायला वाईट वाटतं, पण शटरवर घातलेल्या पैशात वर्षभराचं भाडं निघतं.

## टप्पा १०: नोटीस आलीच तर

घाबरून रातोरात बोर्ड काढू नका आणि नोटीस फाडूही नका. आधी कलम वाचा, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे.

नगररचना अधिनियमाचं कलम ५३ किंवा ५४ असेल तर विषय परवानगीविना केलेल्या विकासाचा किंवा वापर बदलाचा आहे. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० असेल तर विषय बांधकामाचा, तिथे धंद्याचे परवाने दाखवून उपयोग नाही, मंजूर नकाशा दाखवावा लागेल. कलम १२६ असेल तर महावितरण. तिघांना एकच उत्तर पाठवणारे लोक आहेत, आणि ते तिन्हीकडे अडकतात.

कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत, त्याच अधिनियमाच्या कलम ४४ खाली परवानगीसाठी अर्ज करता येतो. असा अर्ज दाखल झाला की त्यावर निर्णय होईपर्यंत नोटीस स्थगित राहते. हा अर्ज मुदतीत गेला पाहिजे, मुदतीनंतर विनवण्या करून काही होत नाही. उत्तरासोबत झोन दाखला, भाग नकाशा, मंजूर नकाशा आणि ज्या कलमात तुमचा वापर बसतो त्याचा क्रमांक जोडा. समक्ष सुनावणी मिळावी असं शेवटी लिहा, आणि पोच घ्या.

वीज आकारणीच्या बाबतीत आधी तात्पुरता आकारणी आदेश येतो. त्यावर लेखी हरकत घेऊन सुनावणी मागता येते. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी आकारलेल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. यंत्राची पावती जपून ठेवा म्हटलं ते याच हरकतीसाठी. वापर कधीपासून आहे ते सिद्ध झालं की आकारणीचा काळ तिथपासूनच मोजायला लावता येतो.